अहमदनगरमधील वेढ्यांची स्थळे

अहमदनगरमधील वेढ्यांची स्थळे म्हणजे महाराष्ट्राच्या नाशिक विभागातील अहमदनगर (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) या शहरातील व परिसरातील, लढाया, वेढे आणि युद्धकालीन कैद यांच्याशी संबंध असलेल्या जागा होत. शहराच्या जुन्या तटबंदीतील वेशी, शहराच्या पूर्वेस असलेला भुईकोट किल्ला, त्यालगतची दमडी मशीद, भिंगार छावणी, फराहबाग आणि रणगाडा संग्रहालय ही त्यांतील प्रमुख स्थळे आहेत. माळीवाडा वेशीपासून किल्ल्यापर्यंतचा भाग पायी सहज पाहता येतो. त्यापुढील ठिकाणे दूर असल्याने वाहनाची सोय लागते.

या लेखात स्थळांचा क्रम वाटेनुसार लावला आहे, कालानुक्रमे नाही. त्यामुळे १८०३ मधील घटना आधी आणि १५९५ मधील नंतर येते. जागा समजून घेण्यास हा क्रम अधिक उपयोगी पडतो, कारण नगरवर चालून आलेल्या सैन्यासमोर आधी पेठ येई आणि नंतर किल्ला.

पार्श्वभूमी

बहमनी सल्तनतीतून फुटून निघालेल्या मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला. या लढाईला ‘बागेची लढाई’ असे नाव पडले, कारण विजयाच्या जागी अहमदने बाग व वाडा उभारला. त्याच परिसरात पुढे अहमदनगर वसले. शहराचा स्थापना दिन आजही २८ मे रोजी साजरा होतो. म्हणजे शहराचा वाढदिवस हा मुळात एका लढाईचा दिवस आहे.

आरंभीचा कोट मातीचा होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास विजयनगर, विजापूर व गोवळकोंडा यांच्या संयुक्त फौजा निजामशाहीवर चालून आल्या. त्या अनुभवानंतर हुसेन निजामशहाने १५५९ पासून पुढील काही वर्षांत हा कोट घडीव काळ्या दगडात बांधून घेतला. शहराभोवतीची भिंतही त्याच काळातील मानली जाते. याच हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी. पित्याने बांधलेल्या तटामागे उभे राहून तिला तीन-साडेतीन दशकांनी मोगलांशी लढावे लागले.

माळीवाडा वेस आणि पेठेची भिंत

शहराच्या दक्षिण अंगाला असलेली माळीवाडा वेस आणि उत्तरेकडील दिल्ली दरवाजा या जुन्या शहरभिंतीच्या सर्वांत ठळक खुणा आहेत. वेशींच्या मधली भिंत बहुतेक ठिकाणी घरांच्या व दुकानांच्या रांगांत विरून गेली आहे. वाहतुकीच्या गर्दीत उभ्या असलेल्या या वेशी पाहताना त्यांचे लष्करी महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. ते कळण्यासाठी ८ ऑगस्ट १८०३ या दिवसाची माहिती उपयोगी पडते.

वसईच्या तहानंतर इंग्रज आणि दौलतराव शिंदे यांच्यात युद्ध सुरू झाले तेव्हा अहमदनगर शिंद्यांकडे होते. जनरल आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) दक्षिणेकडील वाळकी गावाहून ८ ऑगस्टला नगरसमोर आला. पेठेत अरब शिबंदी व शिंद्यांची एक कवायती पलटण होती. पेठ आणि किल्ला यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घोडदळ उभे होते. तोफा डागून भिंत फोडण्यासाठी वेलस्ली थांबला नाही. त्याने त्याच दिवशी तीन ठिकाणी शिड्या लावून भिंतीवर चढाई करण्याचा हुकूम दिला.

येथे भिंतीच्या रचनेतील एका विशेषाने हल्लेखोरांचा घात केला. सामान्यतः तटाच्या आतल्या बाजूला सैनिकांना उभे राहण्यासाठी व फिरण्यासाठी रुंद वाट असते. तिला फांजी म्हणतात. नगरच्या पेठेच्या भिंतीला, बुरुजांचा अपवाद वगळता, अशी फांजी नव्हती. शिडीवरून माथ्यावर पोहोचलेल्या सैनिकाला पाय ठेवण्यास जागाच मिळेना, आणि दोन्ही बाजूंच्या बुरुजांतून त्याच्यावर नेमका मारा होई. अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची यात मोठी हानी झाली. कॉलिन कॅम्पबेल नावाचा एक स्कॉटिश लेफ्टनंट पुन्हा पुन्हा शिडीवरून खाली ढकलला जाऊनही अखेर बुरुजावर उतरला, अशी नोंद आहे. वेलस्लीने पुढे त्याला आपल्या जवळच्या अधिकाऱ्यांत घेतले. दुसऱ्या तुकडीने बुरूज हाती घेतला, दरवाजा उघडला गेला आणि पेठ पडली. त्यानंतर गल्ल्यांत चकमकी झाल्या. या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूचे सुमारे १४० लोक मारले गेले किंवा जखमी झाले, आणि त्यांतील बहुतेक याच भिंतीशी.

पेशव्यांचे सरदार बापू गोखले हे त्या वेळी इंग्रजांचे मित्र म्हणून वेलस्लीच्या छावणीत होते. इंग्रज सकाळी आले, भिंतीकडे पाहून सरळ तिच्यावर चढले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परतले, अशा आशयाचे पत्र गोखले यांच्या नावाने इंग्रजी ग्रंथांतून नेहमी उद्धृत केले जाते. त्यातील आश्चर्य खरे असले तरी हा प्रसंग इतका सहज घडला नव्हता, हे वरील हानीवरून दिसते.

पेठ आणि किल्ल्यामधील मैदान

जुने शहर ओलांडून पूर्वेकडे निघाल्यावर किल्ला एक किलोमीटरच्या आत येतो. एवढेच अंतर नगरच्या बहुतेक वेढ्यांत निर्णायक ठरले आहे. पेठ आणि किल्ला एकाच तटात नाहीत. पेठ शत्रूच्या हाती गेली की त्याला घरांचा आडोसा, धान्य, पाणी आणि मोर्चे बांधण्यास लागणारे सामान मिळे. किल्ल्यातील शिबंदी मात्र तटापुरती उरे. उलट किल्ला हाती असेपर्यंत पेठेत शिरलेल्या शत्रूला निश्चिंत राहता येत नसे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण शिवाजी महाराजांच्या १६५७ मधील स्वारीत सापडते. औरंगजेब विजापूरच्या मोहिमेत गुंतला असता महाराजांनी मोगली मुलखातील जुन्नर लुटले आणि नंतर अहमदनगरच्या पेठेवर छापा घातला. किल्ल्यातून मुल्तफतखान फौज घेऊन बाहेर पडल्याने त्यांना येथे जुन्नरसारखे यश मिळाले नाही. वेढ्याची साधने सोबत नसलेल्या घोडदळाला किल्ला घेणे शक्य नव्हते. तो या स्वारीचा हेतूही नसावा.

वेलस्लीला पेठ मिळाली होती. ९ ऑगस्ट १८०३ रोजी त्याने किल्ल्याची पाहणी केली, त्याच रात्री तटापासून सुमारे चारशे यार्डांवर चार तोफांचा मोर्चा बांधून घेतला आणि १० तारखेस उजाडताच मारा सुरू केला. किल्लेदाराने बोलणी लावली. बोलणी चालू असताना तोफा थांबवण्यास वेलस्लीने नकार दिला. १२ ऑगस्टला सुमारे १४०० लोकांची शिबंदी मालमत्तेसह बाहेर पडली आणि किल्ला इंग्रजांना मिळाला. तटाला अजून पुरते खिंडारही पडले नव्हते. पुणे आणि निजामाचा मुलूख यांच्या वाटेवरील हे ठिकाण हाती आल्यामुळे इंग्रजांना रसदेचा पक्का तळ मिळाला. सहा आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली ती या तळाच्या आधारावर.

किल्ल्याच्या प्रवेशद्वाराजवळ एका चिंचेच्या झाडाखाली वेलस्लीने भोजन केले, अशी कथा सांगितली जाते. ती इंग्रजी अमदानीत रूढ झालेली आख्यायिका आहे आणि तेवढ्याच मोलाने घ्यावी.

भुईकोट किल्ला

किल्ल्याचा आकार साधारण वर्तुळाकार असून घेर एक मैलाहून थोडा अधिक आहे. १८०३ च्या इंग्रजी वर्णनात चोवीस बुरूज मोजले आहेत, इतर वर्णनांत बावीस. भोवती पाण्याचा खंदक आहे. पूर्वी त्यावर लाकडी पूल होता व युद्धप्रसंगी तो काढून घेता येई. मुख्य दरवाजा पेठेच्या दिशेला होता आणि त्याच्यापुढे अर्धवर्तुळाकार आडभिंत होती, म्हणजे दरवाजावर थेट तोफ रोखता येत नसे.

सह्याद्रीतील गड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला प्रथम ठेंगणा वाटतो. बाहेरील मातीच्या उतारावरून पाहिले असता तट एखाद्या अधिकाऱ्याच्या तंबूच्या खांबाएवढाच उंच दिसतो, असे १८०३ च्या वर्णनात म्हटले आहे. परंतु खंदकाच्या तळापासून मोजले तर तोच तट कितीतरी उंच भरतो. भिंतीचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली राहिल्याने दूरच्या तोफेला नेम धरण्यास फारच थोडी भिंत मिळे. तोफखान्याच्या काळात सपाट मुलखातील किल्ल्याची हीच खरी ताकद होती. निजामशाही हे तोफांच्या बाबतीत प्रगत राज्य होते. विजापूरच्या तटावर आज दिसणारी प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथेच ओतली गेली. ज्यांनी अशा तोफा ओतल्या त्यांना तोफेपासून बचाव कसा करावा हेही ठाऊक असणार.

तटावर तोफांचा उपाय चालेना तेव्हा वेढा घालणारे जमिनीखालून जात. नगरच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वेढ्यात हेच घडले.

चांदबीबी आणि १५९५–९६ चा वेढा

१५९५ मध्ये निजामशाहीची गादी एकाच वर्षात दोनदा रिकामी झाली. बुऱ्हाण निजामशहा मरण पावला आणि त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना मारला गेला. दरबारात दख्खनी व हबशी अमिरांचे तट पडले आणि प्रत्येकाने आपापला वारस पुढे केला. वजीर मियाँ मंजू याने प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्यासाठी गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीस बोलावले. नंतर त्याला या निमंत्रणाचा पश्चात्ताप झाला, पण मोगल फौज निघाली होती. मुरादसोबत खान-ए-खानान अब्दुर्रहीम हा सेनापती व खानदेशचा राजा अलीखान होते.

मियाँ मंजू शहर सोडून गेला. किल्ल्याचा कारभार चांदबीबीने हाती घेतला. ती विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा होती, विजापुरात तिने राजकारभार पाहिला होता, आणि आता इब्राहिमचा अल्पवयीन मुलगा बहादूर याच्या हक्कासाठी ती उभी राहिली. बाहेर विखुरलेल्या अमिरांना तिने पत्रे धाडली. निहंगखान हा हबशी सरदार रात्रीच्या अंधारात मोगलांची फळी कापून काही लोकांनिशी किल्ल्यात शिरला. विजापूर व गोवळकोंड्याची फौज सुहेलखानाच्या हाताखाली जमू लागली. वेढा लवकर संपवणे मोगलांना भाग होते.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्या छावणीतील ख्वाजा मुहम्मदखान शिराजी याने ही बातमी किल्ल्यात पोहोचवली. वेढ्यातील लोकांनी आतून उलटे खणत जाऊन दोन सुरुंगांतील दारू काढून घेतली. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच मोगलांनी तो उडवला. ही घटना फेब्रुवारी १५९६ मधील. तटाला मोठे खिंडार पडले, खणणारे गाडले गेले आणि काही सरदार पळण्याच्या तयारीस लागले. अशा वेळी चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन, उपसलेल्या तलवारीनिशी खिंडाराशी आली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. संध्याकाळपर्यंत लढाई चालली. मोगलांचे हल्ले एकामागून एक परतवले गेले. रात्री शेकडो हात कामाला लागले आणि सकाळी मोगलांना खिंडाराच्या जागी पुन्हा उभी भिंत दिसली.

शिसे संपल्यावर तिने तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी तोफांत भरून डागली, ही कथाही सर्वश्रुत आहे. ती बऱ्याच उत्तरकालीन लेखनातून आलेली असल्याने तिला आख्यायिका म्हणणे योग्य. रातोरात उभारलेल्या भिंतीला मात्र समकालीन इतिहासाचा आधार आहे, आणि ती गोष्ट नाण्यांच्या कथेहून काही कमी थक्क करणारी नाही.

यानंतर झालेल्या तहात वऱ्हाड प्रांत मोगलांना द्यावा लागला आणि वेढा उठला. म्हणजे किल्ला वाचला, प्रांत गेला. मुराद आणि खान-ए-खानान यांच्यातील बेबनाव, मदतीस येणारी दक्षिणी फौज आणि अन्नाची टंचाई ही मोगलांनी तह पत्करण्याची कारणे सांगितली जातात. त्यांतील बेबनावाचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढच्या वेढ्यात तोच दोष तटाच्या आत होता.

१६०० चा वेढा

चार वर्षांनी शहजादा दानियाल आणि खान-ए-खानान पुन्हा नगरसमोर आले. स्वतः अकबर दक्षिणेत उतरला होता व त्याच्या फौजा असीरगडाला भिडल्या होत्या. या वेळी बाहेरून मदत येण्याची चिन्हे नव्हती. निहंगखान किल्ला वाऱ्यावर सोडून निघून गेला होता. चांदबीबीने परिस्थिती पाहून असा विचार केला की, किल्ला मोगलांच्या स्वाधीन करावा आणि त्या बदल्यात बालराजासह जुन्नरकडे सुरक्षित जाऊ देण्याची अट मान्य करून घ्यावी. हा विचार तिने जीताखान नावाच्या अधिकाऱ्याजवळ बोलून दाखवला. तो रस्त्यांतून ओरडत सुटला की, राणी मोगलांना सामील झाली. चवताळलेला जमाव वाड्यात शिरला आणि त्याने तिला ठार केले.

त्यानंतर लवकरच सुरुंगांनी तट फुटला व ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला मोगलांनी हल्ला करून घेतला. शिबंदीची कत्तल झाली. बालराजा बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत धाडण्यात आले. जी तडजोड बोलून दाखवल्याबद्दल चांदबीबीचा बळी गेला, तिच्याहून कितीतरी कठोर असा हा शेवट होता. नगरमध्ये सांगितल्या जाणाऱ्या तिच्या कथा बहुधा खिंडाराशी थांबतात. १६०० सालापर्यंत क्वचितच येतात.

राजधानी पडली तरी निजामशाही संपली नाही. मलिक अंबरने दुसरा वारस गादीवर बसवून लढा चालू ठेवला आणि १६१० च्या सुमारास अहमदनगरही परत मिळवले. काही वर्षांत किल्ला पुन्हा मोगलांकडे गेला. १६३६ मध्ये निजामशाहीचा अस्त झाला.

विकत घेतलेला आणि मोबदल्यात दिलेला किल्ला

अठराव्या शतकात हा किल्ला लढाईविना हस्तांतरित होत राहिला. १७५९ मध्ये निजामाकडील किल्लेदार कवीजंग याने तो पेशव्यांच्या स्वाधीन केला. पुढच्याच वर्षाच्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी उदगीरची मोहीम जिंकली आणि तेथून ते पानिपताकडे वळले.

१७९७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने, गादी मिळवून देण्यास केलेल्या साहाय्याच्या मोबदल्यात, किल्ला दौलतराव शिंदे यांना दिला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला शिंद्यांच्या नोकरीतील मायकेल फिलोज याने पुण्यात नाना फडणवीसांना दग्याने पकडले आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. पुढील वर्षी त्यांची सुटका झाली. १८०३ च्या युद्धानंतर किल्ला पेशव्यांना परत मिळाला खरा, पण जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने तो कायमचा इंग्रजांकडे गेला.

तुरुंग म्हणून किल्ला आणि छावणी

इंग्रजी अमदानीत आत येणाऱ्यांना अडवण्यासाठी बांधलेला खंदक आतल्यांना बाहेर जाऊ न देण्याच्या कामी आला. दक्षिण आफ्रिकेतील दुसऱ्या बोअर युद्धात पकडलेल्या कैद्यांना हिंदुस्थानात ज्या ठिकाणी ठेवले त्यांत अहमदनगर होते. पहिल्या महायुद्धात जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांसाठी येथे मोठी स्थानबद्ध छावणी होती. तिच्यात ख्रिस्ती धर्मप्रसारकही होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पुन्हा जर्मन व ऑस्ट्रियन लोकांना येथे आणण्यात आले. त्यांपैकी हाइनरिश हारर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला येथून नाशिकजवळच्या देवळाली छावणीत व पुढे देहरादूनला हलवण्यात आले. देहरादूनहून निसटून तो तिबेटात पोहोचला.

किल्ल्यातील सर्वांत परिचित स्थळ म्हणजे नेत्यांना ठेवलेली खोल्यांची रांग. ‘भारत छोडो’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत झालेल्या अटकेनंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य विशेष आगगाडीने नगरला आणले गेले. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने आरंभी गुप्त राखले. मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्रातील शंकरराव देव असे बारा जण येथे होते.

नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात येथेच लिहिला. त्याच्या आरंभीच्या भागात किल्ल्याच्या आवारात बाग करण्यासाठी खणताना लागलेल्या जुन्या भिंतींच्या अवशेषांचा आणि चांदबीबीचाही उल्लेख आहे. ज्या मातीत सोळाव्या शतकात सुरुंग खणले गेले, तिच्यात कैदी फुलझाडे लावत होते. आझाद यांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे उर्दू पुस्तकही येथेच आकारास आले. एका मित्राला उद्देशून लिहिलेली, पण तेव्हा कधीच न पाठवलेली पत्रे त्यात आहेत. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी जमलेल्या मैत्रीचे खेळकर वर्णन त्याच संग्रहात सापडते आणि एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला झालेल्या पत्नीच्या निधनाचेही. तिच्या आजारपणात सुटकेसाठी सरकारकडे विनंती करण्याचे आझाद यांनी नाकारले होते.

मार्च १९४५ च्या अखेरीस नेत्यांना येथून निरनिराळ्या तुरुंगांत हलवण्यास सुरुवात झाली. जूनमध्ये त्यांची सुटका झाली.

दमडी मशीद, भिंगार आणि फराहबाग

किल्ल्याजवळची दमडी मशीद १५६७ मधील आहे. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी एकेक दमडी काढून ती बांधली, अशी नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. मशीद आकाराने लहान असली तरी दगडावरील कोरीवकाम अत्यंत नाजूक आहे. नगरमध्ये एकच निजामशाही इमारत पाहण्याइतका वेळ असेल तर ही पाहावी.

भिंगार परिसराचा संबंध आणखी एका दीर्घ युद्धाच्या शेवटाशी आहे. मराठ्यांशी पंचवीस वर्षे झुंजून थकलेला औरंगजेब १७०७ च्या आरंभी येथील छावणीत मरण पावला. त्याचे दफन खुलताबादला झाले. येथील जागा आलमगीर या नावाने ओळखली जाते.

शहराच्या आग्नेयेस असलेली फराहबाग ही तळ्याच्या मधोमध उभारलेली निजामशाही वास्तू १५८३ च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या जवळच रणगाडा संग्रहालय आहे. १९४८ पासून भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला अहमदनगर येथे आहे, आणि या संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय उघडले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून सेंचुरियन व भारतीय बनावटीच्या विजयंतापर्यंतचे रणगाडे येथे आहेत. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा पाहण्यास विशेष गर्दी असते.

चांदबीबी महाल

शहराच्या पूर्वेस दहा-बारा किलोमीटरवर शहा डोंगरावरील अष्टकोनी तिमजली इमारत ‘चांदबीबी महाल’ म्हणून प्रसिद्ध आहे. ती चांदबीबीने बांधलेली नाही आणि तिचा महालही नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. १५८९ मध्ये, म्हणजे चांदबीबीच्या वेढ्याच्या सहा वर्षे आधी, तो मरण पावला. सलाबतखानाचे नाव मागे पडून हे नाव कसे रूढ झाले याविषयी अनेक तर्क आहेत. शहरात चांदबीबीचे म्हणून दाखवता येईल असे दुसरे ठळक स्मारक नाही, हे त्याचे एक कारण असू शकते. इमारतीच्या वरच्या सज्जातून शहर, किल्ल्याची झाडी आणि भोवतालचा सपाट मुलूख एका नजरेत येतो, आणि येथे डोंगरी गडाऐवजी भुईकोट का बांधावा लागला हे तेथून चांगले समजते.

भेटीविषयी

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाचे नियम व वेळा लष्कराकडून ठरवल्या जातात. सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र बाळगावे. आतील सर्व भाग खुला नसतो. शहरातील वेशी व दमडी मशीद पाहण्यास सकाळची वेळ सोयीची, कारण दुपारनंतर माळीवाड्यातील वाहतूक वाढते. नगर हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील स्थानक आहे. नाशिककडून येणाऱ्यांना रेल्वेने मनमाडमार्गे किंवा रस्त्याने संगमनेर अथवा शिर्डीमार्गे येता येते.